वॉल काढणारे उस्ताद

गाडी दारात आली की उस्ताद आधी ड्रायव्हरकडे बघत नसत. उजवा हात उलटा करून बोनेटवर ठेवत, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. क्षणभर डोळे मिटत आणि मग निकाल देत, "ताप न्हाई. जावा बिनघोर."

एवढं ऐकलं की ड्रायव्हर खरंच बिनघोर जात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांनी एकदा हो म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मला या प्रकारची नेहमी चीड येते. आमच्या घरात पत्रकं छापली जात, मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले; 'अमुक म्हणतात म्हणून' हे कारण आमच्याकडे कारण धरलं जात नसे. तरीही उस्तादांच्या शेडमध्ये मी वर्षानुवर्षं गेले. परभणीत जीप स्टँडच्या मागे, कडुलिंबाखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ऊसतोड कामगारांसाठी काम करणाऱ्या आमच्या संघटनेची एक जुनी डिझेल जीप आहे. घरचे ऊसतोडीला गेले की गावात जे म्हातारे मागे राहतात त्यांना दवाखान्यात आणायला ती लागते, आणि ती चालवते मी. तिला दुसरा कुणी हात लावायला तयार नव्हता.

उस्ताद मूळचे पेडगावच्या शेतकरी घरातले. त्यांचं खरं नाव स्टँडवर कुणाला ठाऊक नव्हतं. 'उस्ताद' ही पदवी त्यांना गुरूकडून मिळाली होती. हे गुरू हैदराबादहून आलेले, ट्रकचे मिस्त्री. उस्ताद त्यांना 'मोठे उस्ताद' म्हणत आणि नाव काढलं की कानाच्या पाळीला बोट लावत. मोठ्या उस्तादांची एकच शिकवण ते सारखी सांगत, आणि तीही त्यांच्याच बोलीत, "पहले वॉल निकाल, फिर बात कर."

हा वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसवलेलं ते एक लहानसं दार असतं. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी पुरेसं तापलं की आपोआप उघडतं. आमच्याकडे नवी गाडी आली की पूजा होते, नारळ फुटतो आणि मग ती उस्तादांकडे वॉल काढायला जाते. परभणीचा उन्हाळा, बोअरचं क्षाराचं पाणी, आत दगडासारखा थर धरून अडकलेले वॉल आणि त्यापायी भर रस्त्यात जाम झालेली इंजिनं. मोठ्या उस्तादांनी हे सगळं सोसलं होतं. दारच नसेल तर अडकणार काय? म्हणून दार काढायचं. ताडकळस आणि पूर्णा लाइनच्या एकाही जीपमध्ये तेव्हा वॉल नव्हता. काढलेले वॉल उस्ताद भंगारात देत नसत. तारेत ओवून मागच्या भिंतीवर टांगत. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात शिंगं असतात, तशी ती माळ होती.

परभणीच्या उन्हाळ्याचं नाव बाहेरगावी झालेलं आहे. थंडीचं तितकं नाही, पण तीही हाडात जाते. जानेवारीत आमच्याकडच्या जिपा गोणपाट पांघरून फिरतात. रेडिएटरपुढे पोतं बांधायचं, आत पुठ्ठा सारायचा, तेव्हा कुठे इंजिन जरा बरं चालतं. एका बाजूने गाडीचं दार काढून टाकायचं आणि दुसऱ्या बाजूने तिला गोधडी घालायची. यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही अनेक हिवाळे वाटलं नाही.

मग एका हिवाळ्यात आमची जीप फारच थंड पडली. सकाळी सुरू केली की पांढरा धूर सोडायची. ताडकळसपर्यंत जाऊन आलं तरी तापमानाचा काटा तळाशीच. डिझेल मात्र पाण्यासारखं प्यायची. मी ती उस्तादांकडे नेली. त्यांनी उलटा हात बोनेटवर ठेवला.

"ताप न्हाई."

"तेच तर दुखणं आहे, उस्ताद. काटा हलतच नाही."

"काटा झोपला म्हंजे इंजिन सुखात हाय, माय. तू कशाला त्याला उठवायलीस?"

"मग हा धूर?"

धुराकडे त्यांनी पाहिलं आणि कामाला लागले. हे काम मी तुम्हाला नीट सांगते, कारण त्यात त्यांचं सगळं कसब होतं आणि सगळा हट्टही. आधी त्यांनी काट्यावरच संशय घेतला. सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली, तर काटा टकन वर उसळला. म्हणजे काटा खरा होता. मग सेन्सर बदलला, फरक नाही. मग तेलाचं झाकण उघडलं. आतून लोण्यासारखा पांढरा थर लागलेला. तेलात पाणी उतरल्याशिवाय असं होत नाही. उस्तादांचा चेहरा खुलला. "घावलं! हेड गॅसकेट गेलंय."

त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. त्याखालची गॅसकेटची पट्टी धडधाकट होती. इंजिनाच्या सिलिंडरची आतली भिंत मात्र गाडीच्या वयाच्या मानाने फार झिजली होती. उस्तादांनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोट पुसलं, पुन्हा फिरवलं.

मी म्हणाले, "उस्ताद, वॉल नाहीये म्हणून तर नाही ना हे?"

"वॉल म्या काढलंय," ते म्हणाले.

जणू त्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं.

"तुम्ही काढलाय हे माहीत आहे. म्हणूनच विचारतेय."

"ताई, तुमी पत्रकं काढता, आमी वॉल काढतो. तुमच्या पत्रकात आमी हात घालतो का?"

शेडमधले दोन ड्रायव्हर हसले. मी गप्प बसले, पण गेले नाही. गप्प बसून न जाणं ही चळवळीतली जुनी रीत आहे.

गाडी पुन्हा जोडून झाली त्या सकाळी चांगलीच थंडी होती. उस्तादांनी इंजिन सुरू केलं आणि वरचा रबरी पाइप मुठीत धरून उभे राहिले. वॉल असता तर हा पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापला असता. तो पहिल्यापासूनच थोडा थोडा कोमट व्हायला लागला. म्हणजे इंजिनात तयार होणारी ऊब जमायच्या आधीच रेडिएटरकडे निघून जात होती, आणि गार राहिलेल्या इंजिनात वाफेचं पाणी होऊन तेलात उतरत होतं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पाइप हातातून सोडायला त्यांनी जो वेळ लावला, त्यावरून मला वाटलं की आपल्याला हे कळतंय, हेच त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत असावं.

त्यांनी पाइप सोडला, भिंतीवरची माळ उतरवली आणि ती घेऊन सरळ समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. टपरी एका मावशींची.

"मावशी, पातेल्यात पाणी ठिवा. उकळू द्या."

"चहा किती?"

"चहा न्हाई. हे उकळायचंय."

"अगं बाई! ते काळं लोखंड माझ्या पातेल्यात? उस्ताद, तुमाला इंजिन कमी पडायलेत का, आता माझ्या भांड्याला लागले?"

"नवीन भांडं आणून देतो, पर पाणी ठिवा."

मावशी बडबडत राहिल्या, पण पाणी ठेवलं. तोवर बघे जमले होते. उस्तादांनी माळेतला पहिला वॉल उकळत्या पाण्यात सोडला. तो उघडला नाही. पांढऱ्या क्षाराने गच्च धरलेला होता. उस्तादांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. "बग! हे जर गाडीत राहिलं असतं तर? मोठे उस्ताद काय येडे होते का?"

दुसरा सोडला. पाण्यात काही क्षण नुसता पडून राहिला, मग त्याचं मधलं झाकण हळूच सरकलं आणि फट पडली. पळीने बाहेर काढल्यावर निवत निवत फट पुन्हा मिटली. तो धड होता. तिसरा उघडला. चौथाही. मग उस्ताद मोजेनात आणि कुणाकडे बघेनात. एकेक वॉल सोडत, तो उघडला की काढून बाजूला ठेवत. अधूनमधून एखादा अडकलेला निघे, तो ते पुन्हा पुन्हा उकळून बघत. उघडावा म्हणून की उघडू नये म्हणून, ते मला सांगता येणार नाही. माळ संपली तेव्हा उघडलेल्यांचा ढीग बराच मोठा होता.

"झालं का लोखंडाचा चहा?" मावशींनी विचारलं. कुणीतरी हसलं. उस्ताद हसले नाहीत. पातेलं त्यांनी स्वतः राखेने घासलं आणि पालथं घातलं.

आमच्या जीपमध्ये त्यांनी नवा वॉल बसवला. बोअरच्या पाण्याऐवजी डब्यातलं, क्षार न धरणारं हिरवं कूलंट भरलं. मग म्हणाले, "चल ताडकळसला. म्या येतो." त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता, रस्त्यावर गर्दी होती. उस्ताद माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी पूर्ण रस्ताभर बाहेर पाहिलं नाही. काटा तळापासून उठला तसे ते सीटच्या टोकाला आले.

"थांब. थांबव गाडी."

"उस्ताद, काटा अजून अर्ध्यावरसुद्धा नाही."

"चढायलाय की!"

"चढायलाच पाहिजे ना!"

"तुला काय कळतं? थांबव."

मी थांबवली नाही. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. चढावावर राहिला, उतारावर राहिला, बाजारातल्या बैलगाडीमागे रखडतानाही राहिला. परत येताना उस्ताद मागे रेलून बसले होते. परभणी जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाले, "त्या झिजलेल्या भिंती म्या लय बगितल्यात. मला वाटायचं, डायवर लोक गाडी नीट चालवीत न्हाईत."

आता माझ्या मते पुढची गोष्ट सोपी होती. मी म्हटलं, "उस्ताद, पत्रक काढू. सगळ्या ड्रायव्हरांना कळू द्या. तुमच्या नावाने काढू."

"पत्रक वाचून कुणी बोनेट उघडतंय का? म्या काढलंय, म्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर गेले. ज्या माणसाकडे लोक येत, तो माणूस पहिल्यांदा लोकांकडे गेला. पानाच्या टपरीपाशी उभं राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "आइका. वॉल बसवून घ्या. काढायचं नव्हतं. चांगले चांगले काढले म्या. माझी चूक हाय."

ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले.

"उस्ताद, तब्येत बरी हाय न्हवं?"

"कंपनीवाल्यानं कमिशन लावलं का काय की!"

"आवो, तुमीच म्हणले होते, वॉलवाली गाडी म्हंजे चुलीवर बसल्यावानी. आता तुमीच चुलीवर बसा म्हणायलाव?"

मी तिथे होते. या माणसांशी आता कारणांनी बोलावं असं मला वाटलं आणि मी बोललेही. धूर, तेल, झिजलेली भिंत, सगळं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं आणि गाड्या भरायला निघून गेले. खरी अडचण रस्त्यापलीकडे होती. तिथे उस्तादांच्याच एका चेल्याचं गॅरेज होतं. चांगला, कष्टाळू गडी. उस्तादांनी वॉल बसवलेली एखादी गाडी त्याच्याकडे पंक्चरला गेली की तो वॉल काढून देई. त्याला जाब विचारला तर तो हात जोडून म्हणे, "उस्तादनंच शिकवलंय, ताई. गुरूची विद्या सोडू का?"

तरी बालाजीने बसवून घेतला. हा ताडकळस लाइनचा एक तरुण ड्रायव्हर, उस्तादांना बापाच्या जागी मानणारा. त्याने कारण विचारलं नाही. "तुमी म्हणता ना? बसवा." थंडी ओसरत आली होती. गाडीवरचं पोतं त्याने सोडलं होतंच. महिना-दोन महिने त्याची जीप गुणी लेकरासारखी चालली, आणि उस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा दाखला देऊ लागले. स्टँड तिच्याकडे डोळा ठेवून होता. ती एकदा जरी तापली असती तर उस्तादांचा शब्द संपला असता. हे त्यांनाही माहीत होतं.

मे महिन्यात, लग्नाची माणसं खच्चून भरलेली असताना, ती ताडकळसच्या अलीकडे तापली. बोनेटमधून वाफ उसळली. बालाजीने फोन केला तेव्हा उस्ताद माझ्या जीपखाली झोपून काम करत होते. आम्ही तसेच निघालो. रस्त्याकडेला बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत वऱ्हाड बसलं होतं. एक म्हातारी उस्तादांना बघताच म्हणाली, "हाच का त्यो, गाड्या तापवणारा?" मागून येणाऱ्या दोन जिपा मुद्दाम थांबल्या होत्या. चेलाही मोटरसायकलवर येऊन उभा होता, पाना घेऊन.

"काढा ते वॉल, उस्ताद," बालाजी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "लोक हसायलेत मला."

उस्ताद बोनेटपाशी गेले. पाणी निवेपर्यंत थांबले. मग पुढची जाळी सोडवली आणि आत हात घालून एक पुठ्ठा ओढून काढला. हिवाळ्यात सारलेला. पोतं काढताना तो आत घसरून रेडिएटरला चिकटून बसला होता. निम्म्याहून जास्त रेडिएटर झाकलेला.

मला वाटलं, उस्ताद सुटले. पुठ्ठा उंच करून दाखवला की काम झालं. वॉल बसवताना आपण पुठ्ठा काढायला सांगितलंच होतं, बालाजीनेच हयगय केली, असं म्हटलं असतं तरी कुणी खोटं पाडलं नसतं.

उस्तादांनी पुठ्ठा जमिनीवर ठेवला. "वॉल बसवताना म्या जाळी काढून बगायला पायजे होती. न्हाई बगितली. ही चूक माझी हाय."

"म्हंजे उस्ताद चुकले," थांबलेल्या जीपवाल्यांपैकी एक जण म्हणाला. बास, त्यांना तेवढंच हवं होतं. ते वाक्य आमच्या आधी परभणीला पोचणार हे मला तिथेच दिसलं.

"मग काढायचं न्हवं आता वॉल?" चेल्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच गुरूची अब्रू वाचवायची होती. वॉल काढला असता तर 'उस्तादांचा जुनाच शब्द खरा होता' असं झालं असतं आणि दुसऱ्या दिवशी शेडपुढे पहिल्यासारखी रांग लागली असती.

"न्हाई."

"उस्ताद..."

"चूक माझी, चूक पुठ्ठ्याची. वॉलची काय चूक? त्यानं उघडायचं तवा उघडलं. म्या काढणार न्हाई. बालाजी, गाडी तुझी हाय. तुला काढायचंच असंल तर ह्यो उभा हाय पाना घेऊन."

बालाजीने एकदा चेल्याकडे आणि एकदा वऱ्हाडाकडे पाहिलं. नवरदेवाचा मामा घड्याळ दाखवत ओरडत होता. उस्तादांनी रेडिएटरमध्ये पाणी भरलं, जाळी बसवली. बालाजी स्टिअरिंगवर बसला. मुहूर्त गाठला की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर शेडपुढे गाड्या कमी झाल्या. आधी पूर्णा लाइनच्या गेल्या, मग उरलेल्याही. उस्तादांनी कुणाला बोलावलं नाही, कुणाशी भांडण केलं नाही. बाकड्यावर बसून पलीकडचं गॅरेज बघत. मी एकदा चिडून म्हणाले, "तुमचीच माणसं आहेत ही. इतकी वर्षं 'का' विचारायची सवय तुम्ही त्यांना लावली नाहीत." ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "मोठ्या उस्तादला म्या बी इचारलं न्हाई, माय." नंतर मावशींना दोन चहा सांगितले.

पुढच्या थंडीत ते गेले. पेडगावला, झोपेत. स्टँड दुपारपर्यंत बंद होता. शेडचं कुलूप अजून कुणी उघडलेलं नाही.

आता आमची जीप मी पलीकडे, चेल्याकडे नेते. तो काम चांगलं करतो. पहिल्याच वेळी मी त्याला सांगून ठेवलं की वॉलला हात लावायचा नाही, आणि का नाही ते पुन्हा सांगितलं. त्याने नेहमीसारखे हात जोडले. परवा मी तिथे बसले असताना बालाजीची जीप आली. ब्रेकचं काम होतं. बोनेट उघडलेलंच होतं, म्हणून चेल्याने सवयीने विचारलं, "आता उन्हाळा येईल. काढून टाकू का वॉल?"

बालाजीने त्याचा हात धरला. "हात लावू नको त्याला."

"का रं? तापली होती की तुझी."

"उस्तादनं बसवलंय ते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बालाजी, ते कारण नाही. उस्तादांनी बसवलाय म्हणून ठेवू नकोस. वॉल नसला की इंजिन गार राहतं, तेल खराब होतं, आतली भिंत झिजते. त्यासाठी ठेव."

त्याने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर मान हलवली. "बराबर असंल, ताई," तो म्हणाला आणि बोनेट स्वतः, दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं. "पर उस्तादनं बसवलंय."

ब्रेकचं काम उरकल्यावर त्याने स्टँडवर माणसं भरली. जीप ताडकळसच्या रस्त्याला लागली.